दाखवा बरं घोड्याचे दात!

बालमित्रांनो, गुहागर तालुक्यातलं अंजनवेल ठाऊक आहे ना? गोपाळगड आहे तेच! वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे अंजनवेल आणि पलीकडच्या काठाला दाभोळ. बहामनी राजवटीत या दाभोळ बंदरात गलबतांतून चक्क अरबी घोडे उतरत!

त्याच काळात, म्हणजे सुमारे १४७० साली, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. जुन्नरला पोचेपर्यंत त्याचे शंभर रुबल खर्च झाले. तिथल्या खानाने घोडा काढूनच घेतला! एका वजनदार माणसाने रदबदली केली, तेव्हा कुठे तो परत मिळाला. अखेर बिदरला घोडा विकला गेला. पुढे निकितिन परतीच्या जहाजात चढला, तो दाभोळलाच.

अरबी घोड्यांची कीर्ती इंग्लंडातही पोचली होती. तिकडे आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपासून शर्यतीच्या 'थरोब्रेड' जातीचा वंश सुरू झाला. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावतात ते हेच. दोन वर्षांचा झाला की हा घोडा शर्यतीत उतरतो आणि थोड्याच वर्षांत निवृत्त होतो. मग मालक तो विकायला काढतात.

समजा, तुमच्या बाबांनी असा घोडा घ्यायचं ठरवलं. मालक म्हणेल, "अगदी गरीब आहे हो, पोरासोरांनीही बसावं!" तुम्ही मान डोलवा, पण लक्ष ठेवा घोड्याकडे.

आधी दात बघा. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून सगळे पक्के येतात. पुढे ते झिजत जातात, त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. मग पायांवरून हात फिरवा. एखादा पाय गरम किंवा सुजलेला लागला, तर थांबा! कडक जमिनीवर दुडकी चालवून बघा. पुढचा पाय दुखरा असेल, तर तो टेकताना घोडा मान वर झटकतो. पाठीवर आधी मालकाच्या माणसाला बसू द्या, मग तुम्ही. आणि जनावरांचा डॉक्टर न्यायचा तो आपला, विकणाऱ्याचा नव्हे!

कागदपत्रं तर हवीतच. आपल्याकडे जुनी माणसं अंगावरचे भोवरे बघून घोडा शुभ की अशुभ ते ठरवत. गंमत अशी, की थरोब्रेडच्या पासपोर्टातही भोवरे नोंदवलेले असतात. पण ते ओळख पटवण्यासाठी, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ते जुळतात का, ताडून बघा.

सगळं जुळलं? तरी घाई नको. घोडा पंचवीस वर्षांहून जास्त जगू शकतो. पाच-सहा वर्षांचा घोडा घेतलात, तर पुढची वीस वर्षं त्याची चंदी, वैरण, औषधपाणी तुमच्याकडे. नालबंदाला दर महिना-दीड महिन्याने बोलवावं लागतं. किंमत एकदाच मोजायची. खर्च मात्र रोजचा. हौस फिटली म्हणून विकलेला मुका जीव या दारातून त्या दारात फिरत राहतो. त्याला पुढच्या दारी काय मिळेल, हे तो विचारूही शकत नाही.

तेव्हा दोस्तांनो, सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर घोड्याला पहाटे फिरवून कोण आणणार? आई-बाबांबरोबर बसून आधी हे ठरवा. घोडा मग बघू!