धानाची भरडाई : यंत्र आणि हिशेब

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेस गोंड बांधव दूरदूरच्या प्रांतांतून तेथे दर्शनास येतात. त्या सुमारास या भागात खरिपाचे धान मळून घरी आलेले असते आणि भरडाईचा विचार सुरू होतो.

पूर्वी हे काम उखळ-मुसळाने व ढेकीने होत असे. त्यात स्त्रियांचे तासन्‌तास जात. परंतु परक्याचे धान कांडून गरीब घरच्या स्त्रीला दोन पायल्या तांदूळही मिळत. गिरणी आली, कष्ट वाचले आणि ती मजुरीही गेली. म्हणूनच 1958 च्या भात गिरणी नियमन कायद्यात, नवी गिरणी उघडू देताना परिसरात मोठी बेकारी होईल काय, हे पाहावयाचे होते. तो कायदा 1997 मध्ये रद्द झाला. प्रश्न मात्र उरलाच आहे : यंत्राने जे वाचते, ते कोणाच्या पदरात पडते?

याचे उत्तर तराजूत सापडते. शासकीय भरडाईत 100 किलो धानापासून 67 किलो तांदूळ अपेक्षित धरला जातो. उकड्या तांदळाचे प्रमाण 68 किलो आहे. जुन्या धाटणीच्या हलर यंत्रात तूस व कोंडा एकाच फेरीत निघतात. त्यात दाणा अधिक तुटतो आणि कोंडा तुसात मिसळून जातो. रबरी रुळांच्या यंत्रात तूस आधी सुटते व कोंडा नंतर वेगळा निघतो. अशा स्वच्छ कोंड्यापासून तेल काढता येते. मात्र कोंडा लवकर खवट होत असल्याने तो त्वरित तेलगिरणीत पोचला पाहिजे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने 10 क्विंटल धान भरडले आणि क्विंटलमागे 5 किलो तांदूळ कमी मिळाला. किलोला 30 रुपये भाव धरल्यास 1,500 रुपयांचे नुकसान झाले. भरडाईचा दर कमी आहे एवढ्यावरून गिरणी निवडणारा हे नुकसान पाहत नाही.

दोष नेहमी यंत्राचाच असतो असेही नाही. कडक उन्हात घाईने वाळविलेल्या किंवा वाळल्यावर पुन्हा भिजलेल्या धानाला बारीक तडे जातात व असा दाणा कोणत्याही गिरणीत तुटतो. धान पातळ पसरून, वरचेवर हलवून, ओलावा सुमारे 14 टक्क्यांवर येईपर्यंत सावकाश वाळवावे.

ग्रामसेवकांनी गावातील दोन-तीन शेतकऱ्यांना एकत्र करून 1 क्विंटल धान सर्वांसमक्ष तोलून भरडावे. अखंड तांदूळ, कणी व कोंडा वेगवेगळे तोलावेत, कोंडा कोणाचा हे आधीच ठरवावे आणि भरडाईचा खर्च वजा करून हिशेब मांडावा. दोन गिरण्यांचे असे हिशेब शेजारी ठेवले, म्हणजे कोणते यंत्र खरोखर स्वस्त, हे शेतकऱ्याला आपले आपणच कळेल.