‘वय झालं त्याचं’: म्हाताऱ्या बैलाविषयी, कुत्र्याविषयी आणि निरोपाविषयी

‘आता काय, वय झालं त्याचं.’ निलंगा तालुक्यात कासारशिरशीपासून औराद शहाजानीपर्यंत कुठल्याही गोठ्यात थकलेल्या बैलाविषयी विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. दारातल्या कुत्र्याविषयीही हेच. वाक्य खोटं नसतं, पण त्यानं पुढची चौकशी बंद होते. का लंगडतो, का खात नाही, रात्री का कण्हतो, या सगळ्याला एकच उत्तर मिळालं की ढोराच्या डॉक्टरला फोन करायचं कारणच उरत नाही. म्हातारपण हा काही आजार नव्हे. म्हातारपणी आजार होतात, त्यातले काही बरे होतात आणि बाकीचे बऱ्याच अंशी सुसह्य करता येतात. घरच्या जनावराचे शेवटच्या दोन-चार वर्षांत जे हाल होतात, त्यातले निम्मेअधिक या एका गल्लतीपायी होतात, असं माझं मत आहे.

मुळात वय मोजतानाच आपण घसरतो. बैलाचे दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात, म्हणून आदत, दुसा, चौसा, सहा दाती आणि मग जुळलेला. साधारण दोन वर्षांपासून चार-साडेचार वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो. एकदा बैल जुळला की पुढे दातांची झीज पाहून फक्त अंदाज बांधायचा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात तोंड उघडून ‘नऊ वर्सांचा हाय’ असं छातीठोकपणे सांगणारा व्यापारीही अंदाजच सांगत असतो. शिंगाची वलयं मोजून वय काढणं तर त्याहून कच्चं. नीट खाऊपिऊ घातलेला देवणी किंवा लाल कंधारी बैल दहा-बारा वर्षांपर्यंत काम ओढतो आणि पुढेही काही वर्षं जगतो. ट्रॅक्टर आल्यापासून हा मधला काळ लांबला आहे. काम नाही, पण आयुष्य आहे.

कुत्र्याच्या बाबतीत ‘एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब सगळीकडे पाठ आहे, आणि तो चुकीचा आहे. कुत्रं पहिल्याच वर्षात वयात येतं, म्हणजे सातच्या कितीतरी पुढे जातं. नंतर वेग मंदावतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासून 2020 साली जे सूत्र मांडलं, त्यात एका वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीच्या आसपास येतं. त्यातही मोठ्या अंगाची कुत्री लवकर म्हातारी होतात, छोटी उशिरा. त्यामुळे चाकूर तालुक्यातल्या जानवळचा उंचापुरा कारवान आणि लातूरच्या फ्लॅटमधला पॉमेरियन यांना एकच गणित लावता येत नाही.

आता आजारांकडे येऊ. बैलाचं एक शिंग हळूहळू वाकायला लागलं, तो सारखी मान झटकतो, शिंग खुंट्याला घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून कधी रक्त येतं. घरचे म्हणतात, वयानं शिंग ढिलं झालं. वयानं शिंग ढिलं होत नाही. तो शिंगाचा कर्करोग असू शकतो. आपल्याकडच्या कामाच्या बैलांत तो चांगलाच परिचयाचा आहे आणि ऐन उमेदीच्या बैलालाही होतो. लवकर लक्षात आला तर शस्त्रक्रियेनं शिंग मुळापासून काढतात आणि बैल वाचतो. लातूर जिल्ह्यात त्यासाठी लांब जायला नको. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. उशीर झाला की मात्र रोग कवटीत उतरतो.

‘खाणं सोडलं, म्हणजे आता जायची तयारी’ हेही असंच. म्हाताऱ्या बैलाच्या दाढा झिजलेल्या असतात, काही वेळा झीज तिरकी होऊन दाढेची धार गालाला नाहीतर जिभेला लागते. भूक असते, चावता येत नाही. अख्ख्या कडब्याची पेंढी पुढ्यात टाकायची आणि ‘खाईना’ म्हणायचं, यात दोष बैलाचा नाही. कडब्याची बारीक कुट्टी, भिजवलेली पेंड, सोयाबीनच्या भुसकटावर गुळाच्या पाण्याचा हबका, एवढ्यावर महिनाभरात अंग धरलेले बैल गावोगाव दिसतील. कुत्र्याचं खाणं सुटलं तर दात, हिरड्या आणि मूत्रपिंड या तीन गोष्टी आधी तपासायच्या. त्याच्या डोळ्यांत निळसर धूर दिसला की लोक ‘मोतीबिंदू’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते वयानुसार भिंग घट्ट होणं असतं आणि कुत्र्याला दिसत असतं. दोन्हींतला फरक पशुवैद्य बॅटरीच्या उजेडात पाहून सांगू शकतो.

माझ्या मते म्हाताऱ्या बैलाच्या तपासणीचा सगळ्यात चांगला दिवस आपल्या बापजाद्यांनी आधीच ठरवून ठेवला आहे: खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गरम पाण्यानं खांदा शेकून तूप-हळद चोळली जाते. चोळणारा हात वशिंडाच्या पुढे, जू टेकतं तिथे फिरतो आणि एखादी गाठ बोटांना लागते. कातडं जाड झालेलं असतं, मधेच एक गरम, दुखरी जागा असते आणि तिथे बोट टेकताच बैल कातडी थरथरवतो. ती खांदेसूज. वर्षभर लक्षात न आलेली गोष्ट त्या संध्याकाळी हाताला कळते. मग दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊ घालायची आणि तिसऱ्या दिवशी गाठ विसरायची, असं करू नये. ‘1962’ला फोन लावावा. सरकारचं फिरतं पशुवैद्यकीय पथक याच नंबरावर मिळतं.

वेदनेच्या गोळ्यांबद्दल दोन गैरसमज आहेत, आणि दोन्ही घातक. पहिला: माणसाची गोळी अर्धी करून दिली की झालं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड निकामी होतं. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. दुसरा गैरसमज: बैल तर जाणारच आहे, मग इंजेक्शन कुठलं का असेना. याची किंमत गिधाडांनी मोजली. थकल्या गुरांना सर्रास दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेल्यावरही मांसात उरतं आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली, 2023 साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. म्हणून इंजेक्शनचं नाव विचारायला लाजू नये.

कायद्याच्या बाबतीत तर गावात दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, ‘म्हातारा बैल आता विकताच येत नाही.’ दुसरं म्हणतं, ‘व्यापाऱ्याला दिला, पुढचं त्याचं तो बघंल.’ वस्तुस्थिती मधे आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा 1976 चा. त्यातली 1995 ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर मार्च 2015 मध्ये लागू झाली. तेव्हापासून गाईबरोबर बैल आणि वळू यांचीही कत्तल, कत्तलीसाठी विक्री आणि वाहतूक बंद आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. शेतीसाठी बैल विकायला मनाई नाही. पण शेतीच होत नाही असा बैल शेतीसाठी घेणार कोण, हा प्रश्न कायद्यानं सोडवलेला नाही, तो शेतकऱ्याच्या दावणीला बांधून ठेवला आहे. म्हाताऱ्या जनावराचा उठाव गेला, कडब्याचा भाव राहिला. या कोंडीत सापडलेल्या माणसाला ‘माया नाही का तुला’ असं सुनावणं मला पटत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदान जाहीर झालं तेव्हा ‘आता बैलालाही पैसे मिळणार’ अशी हवा उठली. ते अनुदान गोशाळांना आहे, गाईंसाठी आहे. दावणीच्या बैलाला नाही. रात्री दावं सोडून हमरस्त्याला हाकलून देणं मात्र कुठल्याही हिशेबात बसत नाही. उपाशी-तहानलेलं राहील अशा तऱ्हेनं जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

बैल बसला आणि उठेना, की घर हबकतं. ‘पडून राहू द्या शांत’ हा सल्ला प्रेमानं दिला जातो आणि त्यानंच जनावर लवकर जातं. रवंथ करणारं जनावर एका कुशीवर आडवं राहिलं की पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगतं, श्वास कोंडतो. भुसकटानं भरलेली पोती दोन्ही बाजूंना लावून त्याला छातीवर बसतं ठेवायचं, तीन-चार तासांनी कूस बदलायची, खाली कडब्याचा जाड थर द्यायचा. घरात चार माणसं असली तर हे जमतं. पुण्या-मुंबईला पोरं गेलेल्या घरात म्हातारा-म्हातारी आणि म्हातारा बैल अशी तिघंच असतात. तिथे शेजार लागतो.

मग तो प्रश्न येतो, जो कुणाला विचारायचा नसतो. ‘दयामरण म्हणजे खूनच’ असं मानणारे पुष्कळ आहेत. कुत्र्याच्या बाबतीत घडतं ते असं: आधी गुंगीचं औषध, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा खोल श्वास किंवा झटका येतो. त्याला काही कळत नसतं. माहीत नसलेला माणूस मात्र ते दृश्य जन्मभर घेऊन बसतो, म्हणून आधी सांगावं. वेळ कधी, हे ठरवायला अमेरिकन पशुवैद्य ॲलिस विलालोबोस यांनी एक यादी दिली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. शेवटचं कलम दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर लिहिता येतं. चांगल्या दिवसावर टिक, वाईटावर फुली. फुल्या वाढायला लागल्या की आपला ‘कालच तर शेपूट हलवली होती’ हा युक्तिवाद आपल्यालाच पटेनासा होतो. बैलाचं तसं नाही. तिथे एकाहून अधिक कायदे गुंतलेले आहेत, सरकारी पशुवैद्याच्या लेखी मताशिवाय कुणी हात लावू नये. बहुतेक घरांत वाट एकच असते: वेदना कमी करत सांभाळणं.

पुरण्याविषयी. ‘बैलाला मानानं शेतात पुरणं ही आपली पूर्वापार रीत’ असं हल्ली ऐकू येतं. बहुतेक गावांत ते खरं नाही. गावगाड्यात मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. धन्यानं वर्षभर ओवाळलेल्या बैलाचा शेवटचा स्पर्श दुसऱ्याच्या हाताला असे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढे ढोरं ओढायला नकार दिला म्हणून ठिकठिकाणी बहिष्कारही सोसावे लागले. मालकानं आपल्या बैलासाठी स्वतः खड्डा खणणं ही त्या नकारातून आलेली, बऱ्यापैकी नवी गोष्ट आहे. नवी म्हणून कमी मोलाची नाही.

खड्डा मात्र नीट हवा. आपल्याकडे काळ्या मातीखाली लवकरच खडक लागतो, त्यामुळे जेसीबीवाला तीन-चार फुटांवर थांबू पाहतो. थांबू देऊ नये. जनावरावर निदान सहा फूट माती येईल इतकी खोली, चुना, आणि विहीर-बोअरपासून लांब, कारण खडकाच्या फटींतून पाणी दूर जातं. भुलीच्या औषधानं निरोप दिलेलं कुत्रं तर उघड्यावर टाकूच नये. ते खाणारी घार किंवा दुसरं कुत्रंही मरतं. आणि धडधाकट जनावर अचानक गेलं, नाका-तोंडातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर फाशी रोगाचा संशय धरून त्याला चिरू नये, कातडंही काढू नये. तो माणसाला होतो.

‘कुत्र्यासाठी रडणं हे शहरी खूळ’ म्हणणाऱ्यांनी साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला जाऊन यावं. अठराव्या शतकातल्या छत्रपती शाहूंच्या खंड्या या कुत्र्याचं स्मारक तिथे कृष्णाकाठी आहे. रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट वेगळी. मालकाच्या चितेत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही आणि त्या स्मारकावरून वादही पेटले आहेत. आपल्याला मालकासाठी मरणारं कुत्रं आठवतं, कुत्र्यासाठी रडणारा मालक आठवत नाही. लेकरांना ‘पळून गेला’ सांगणं हा त्याचाच भाग. मग ते लेकरू महिनाभर गल्लीत शोधत फिरतं आणि फाटक आपणच उघडं ठेवलं होतं असं मनाशी धरून बसतं. मेला, तर मेला म्हणावं.

राहिला जोडीदार. इटलीत 2022 साली 426 कुत्रामालकांची पाहणी झाली; घरातलं दुसरं कुत्रं गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्यात कमी खेळणं, कमी खाणं, माणसाला चिकटून राहणं असा काही ना काही बदल दिसला, असं 86 टक्के लोकांनी सांगितलं. हे मालकांनी सांगितलेलं आहे, तेव्हा त्यात त्यांचं स्वतःचं दुःखही मिसळलेलं असणार. जोडीतला एक बैल गेल्यावर उरलेला रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून हंबरतो, हे तर आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लगेच नवा जोडीदार आणून बांधला तर मारामारी होते. काही दिवस जागा बदलावी, शेजारी म्हैस किंवा कालवड बांधावी. बैल हळूहळू वैरणीला तोंड लावतो. नाही लावलं, तर ‘जोडीदाराचा घोर घेतला त्यानं’ म्हणत बसू नये. ताप पाहावा, आणि डॉक्टरला बोलवावं.