डेटाबेसची ओळख – लेखांक ९ : बॅकअपमध्ये काय येतं, काय बाहेर राहतं

गेल्या आठवड्यात आपण ग्रंथालयाच्या डेटाबेसमधली सभासद, पुस्तके आणि देवघेव ही तीन टेबलं फॉरेन कीने एकमेकांना जोडली. आता या सगळ्याची प्रत काढून ठेवायची आहे. पोस्टग्रेस वापरणारी बरीच मंडळी हे काम पीजीॲडमिनमधून करतात. डेटाबेसच्या नावावर राइट क्लिक, मग 'बॅकअप', फाइलला नाव, बटण. दोन मिनिटांत काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या फाइलमध्ये नेमकं काय गेलं आणि काय बाहेरच राहिलं, हे खिडकी आपणहून सांगत नाही. ते माहीत असल्याशिवाय त्या फाइलवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

पीजीॲडमिन स्वतः बॅकअप घेत नाही. तुम्ही खिडकीत जे निवडता त्यावरून ते एक आज्ञा तयार करतं आणि पीजी-डंप नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवतं. पीजी-डंप सर्व्हरशी जोडला जातो, टेबलांची रचना आणि त्यातल्या ओळी वाचतो आणि फाइलमध्ये लिहितो. 'प्रोसेसेस' हा टॅब उघडून त्या कामाचा तपशील पाहिलात, तर ही आज्ञा सगळ्या पर्यायांसह दिसते. एकदा तरी ती सावकाश वाचा. बटण दाबल्यावर कोपऱ्यात जी पट्टी झळकते ती काम सुरू झाल्याचं सांगते. ते संपलं का, आणि कसं संपलं, हे या टॅबमध्ये कळतं.

सर्व्हरचा डेटा फोल्डरच पेन ड्राइव्हवर कॉपी केला तर काय बिघडलं, असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे, कारण छोट्या कार्यालयांत सर्रास असंच केलं जातं. सर्व्हर चालू असताना केलेली अशी कॉपी भरवशाची नसते. कॉपी होत असतानाही फाइली बदलत राहतात, त्यामुळे पहिली फाइल ११ वाजताची आणि शेवटची ११.२० ची असा विसंगत ऐवज हाती येतो. काही बदल तर अजून मेमरीतच असतात. शिवाय तो फोल्डर पोस्टग्रेसच्या त्याच मुख्य आवृत्तीला वाचता येतो; पुढच्या आवृत्तीला तो चालत नाही.

पीजी-डंपचं तसं होत नाही. काम सुरू होताना तो सर्व्हरकडून त्या क्षणाचं एक स्थिर चित्र मागून घेतो आणि शेवटपर्यंत तेच वाचतो. समजा, ११ वाजता बॅकअप सुरू झाला, ११.०५ ला काउंटरवर नवा सभासद नोंदवला गेला आणि लगेच त्याला एक पुस्तकही दिलं गेलं. प्रतीत या दोन्ही नोंदी नसतील. सभासद नाही पण त्याच्या नावावरचं पुस्तक आहे, असा प्रकार होणार नाही. हे जमतं ते पोस्टग्रेसच्या एका मूलभूत सवयीमुळे. एखादी ओळ बदलली की तो जुनी ओळ तिथल्या तिथे खोडत नाही. तो नवी आवृत्ती लिहितो, आणि जुनी आवृत्ती ज्यांना अजून दिसायला हवी त्यांच्यासाठी ती राहू देतो. म्हणूनच बॅकअप चालू असताना काउंटर बंद ठेवावा लागत नाही. टेबलाची रचना बदलणारं किंवा टेबलच काढून टाकणारं काम तेवढं थांबून राहतं.

आता खिडकीतले पर्याय. फॉरमॅटमध्ये 'कस्टम' निवडा. 'प्लेन' निवडलं तर एसक्यूएल आज्ञांची साधी मजकूर फाइल मिळते. ती डोळ्यांनी वाचता येते, पण परत भरताना हवं ते एकच टेबल निवडता येत नाही. 'कस्टम'मध्ये फाइल आकसून लहान होते आणि रिस्टोअर करताना निवडीला वाव राहतो. 'टार' आणि 'डिरेक्टरी'ची आपल्या आकाराच्या डेटाबेसला गरज नाही. फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा. मग फोल्डरमध्ये फाइली आपोआप क्रमाने लागतात.

पुढच्या टॅबवर तीन विभाग दिसतात : प्री-डेटा, डेटा आणि पोस्ट-डेटा. इथे थोडं थांबायला हवं, कारण गेल्या वेळी बांधलेली नाती इथेच उपयोगी पडतात. रिकाम्या डेटाबेसमध्ये प्रत भरताना आधी टेबलं तयार होतात, हा प्री-डेटा. मग ओळी भरल्या जातात. फॉरेन की, इंडेक्स आणि ट्रिगर सर्वांत शेवटी, पोस्ट-डेटामध्ये येतात. हा क्रम उलटा असता तर काय झालं असतं? देवघेवीतली ओळ आत येऊ पाहते, तिचा सभासद अजून आलेला नाही, आणि फॉरेन की तिला दारातच अडवते. म्हणून आधी सगळ्यांना आत घ्यायचं आणि मग नाती तपासून बांधायची. इंडेक्सचंही तसंच आहे. हजारो ओळी भरताना प्रत्येक ओळीला इंडेक्स दुरुस्त करण्यापेक्षा शेवटी एकदाच तो उभा करणं कितीतरी वेगवान ठरतं. या विभागांना हात लावू नका. विशेषतः 'ओन्ली स्कीमाज' चुकूनही चालू करू नका. बॅकअप बिनतक्रार पूर्ण होईल, फाइलही तयार होईल आणि तिच्यात एकाही सभासदाचं नाव नसेल.

आवृत्तीचा प्रश्न याहून मोठा आहे. पीजी-डंप स्वतःपेक्षा जुन्या सर्व्हरची प्रत काढतो. सर्व्हरची मुख्य आवृत्ती त्याच्यापेक्षा नवी असेल तर तो काम नाकारतो. सर्व्हर अद्ययावत केला आणि पीजीॲडमिन जुनंच राहिलं की हे घडतं. अशा वेळी पीजीॲडमिन नवं घ्यावं, किंवा 'प्रेफरन्सेस'मधल्या 'बायनरी पाथ्स'मध्ये नव्या पीजी-डंपचा फोल्डर दाखवावा.

ही अडचण किती महागात पडू शकते, ते गिटलॅब या कंपनीने स्वतःच जगापुढे मांडलं आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक अभियंता दुय्यम सर्व्हरवरची बिघडलेली प्रत सावरत होता. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा फोल्डर पुसायची आज्ञा त्याने चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. रोजच्या बॅकअपकडे वळल्यावर कळलं की तिथे काहीच नाही. सर्व्हर ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारा पीजी-डंप ९.२ चा, त्यामुळे काम दर वेळी अर्ध्यावरच बंद पडत होतं. तसं कळवणारे ईमेल निघत होते, पण ते घेणाऱ्या मेल सर्व्हरच्या पडताळणीत नाकारले जात असल्यामुळे कोणाच्याही हाती पडत नव्हते. अखेर कामी आली ती वेगळ्याच कारणासाठी, चाचणीच्या सर्व्हरकरता सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली डिस्कची एक प्रत. त्या सहा तासांत तयार झालेली सुमारे ५,००० प्रोजेक्टं, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आज जगभरचे अभियंते त्या अहवालातून शिकतात.

आपल्या खिडकीतून घेतलेल्या बॅकअपमधून एक गोष्ट बाहेरच राहते, आणि ती हमखास विसरली जाते. 'ग्रंथपाल' आणि 'लेखनिक' अशा दोन भूमिका आपण पाचव्या लेखांकात तयार केल्या होत्या. त्या कुठल्याही एका डेटाबेसच्या मालकीच्या नसतात, त्या सर्व्हरच्या असतात. एका डेटाबेसच्या बॅकअपमध्ये त्या आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. नव्या संगणकावर प्रत भरायला गेलात की 'ग्रंथपाल' ही भूमिकाच अस्तित्वात नाही, अशा तक्रारी येतात. प्रत परत भरणारा पीजी-रिस्टोअर हा प्रोग्राम त्या नोंदवून पुढे जातो. ओळी सगळ्या येतात, पण टेबलांची मालकी प्रत भरणाऱ्याकडे जाते, कोणाला काय पाहू द्यायचं हे आपण ठरवलेलं सगळं पुसलं जातं आणि काउंटरवरच्या प्रोग्रामला आत शिरताच येत नाही. उपाय सोपा आहे. सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक करून 'बॅकअप ग्लोबल्स' घ्या आणि ती छोटी फाइल मुख्य फाइलीशेजारीच ठेवा. सर्व्हरच्या मांडणीच्या फाइली आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रं असलेला फोल्डर वेगळे कॉपी करा. डेटाबेसमध्ये चित्राचा पत्ता तेवढा आहे, चित्र नाही.

आता या आठवड्याचं काम. 'ग्रंथालय_तपासणी' नावाचा नवा रिकामा डेटाबेस तयार करा, त्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' निवडा आणि काल घेतलेली फाइल त्यात भरा. जमलं तर हे दुसऱ्याच संगणकावर करा, म्हणजे भूमिकांची उणीव लगेच उघडी पडेल. मग तिन्ही टेबलांतल्या ओळी मोजा आणि मूळ आकड्यांशी ताडून पाहा. बॅकअपनंतर झालेल्या नोंदींचा फरक तेवढा धरा. देवघेवीतली शेवटची नोंद काढा आणि ती कोणत्या तारखेची आहे ते बघा. अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक देऊन बघा. फॉरेन कीने अडवलं पाहिजे. हे सगळं जुळलं की त्या फाइलला बॅकअप म्हणायला माझी हरकत नाही.

फाइल कुठे ठेवायची, हे थोडक्यात. सर्व्हरच्या त्याच डिस्कवर नको आणि त्याच खोलीतल्या कपाटातही नको. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा एका खोलीतलं सगळं एकदमच पाण्याखाली गेलं. एक प्रत दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर हवी. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्यात आहेत, म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रतीला कूटबद्ध करून कुलूप घाला आणि त्याची किल्ली कार्यकारिणीतल्या दोघांकडे ठेवा.

एक प्रश्न मात्र या खिडकीतून सुटत नाही. रात्री १० ला बॅकअप झाला आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी ६ ला डिस्क गेली, तर मधल्या वीस तासांची देवघेव कुठून आणायची? पोस्टग्रेस प्रत्येक बदल टेबलात उतरवण्याआधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतो, आणि ती जपली तर डिस्क जाण्याच्या जवळपास मिनिटापर्यंत परत येता येतं. पुढच्या लेखांकात ती नोंदवही उघडू.