शिट्टीनंतरची मिनिटं

पहाटे 4.30
वाळूजच्या पहिल्या पाळीची बस सिडकोतून सहाच्या आत निघते. ह्यांचा डबा साडेपाचला भरून तयार हवा, म्हणून उठल्याबरोबर तूरडाळ धुऊन भिजत घालायची आणि मग आंघोळीला जायचं. वीस-पंचवीस मिनिटं भिजलेली डाळ लवकर गळते.

पहाटे 4.55
कुकरचं झाकण हातात घेतलं की आधी ते दिव्यासमोर धरते. वाफेच्या नळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर कालच्या डाळीचं साल आत अडकलंय, तारेने काढून नळी नळाखाली धुवायची. मग रिंगवरून बोट फिरवायचं, कडक झाली का, तडा गेलाय का ते कळतं. एवढ्याला अर्धं मिनिटही लागत नाही. पण कुकर फुटल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा बुजलेली नळी आणि निकामी सेफ्टी व्हॉल्व्ह ह्याच दोन गोष्टी असतात, म्हणून घाई कितीही असो, हे अर्धं मिनिट मी सोडत नाही.

बुडाला दोन वाट्या पाणी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात. डाळीत हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो, आणि फेसच साल उचलून नळीत नेऊन बसवतो. डाळ किंवा तांदूळ थेट कुकरमध्ये लावायचे असतील तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरायचं नाही. भाज्या, बटाटे दोन तृतीयांशापर्यंत चालतात. माणसं वाढली की लहान कुकर गच्च भरायचा मोह होतो. त्यापेक्षा दोनदा लावावा.

आमचा कुकर बाहेरून झाकण बसणारा आहे. झाकण लावून गॅस मोठा करते, पण शिट्टी लगेच ठेवत नाही. नळीतून वाफेची सरळ, जोरदार धार येऊ द्यायची, मग शिट्टी. मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह असतो, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा मोठा कुकरच. 15 पौंड दाब, 121 अंश. त्यातली हवा पूर्ण निघून गेल्याशिवाय वेळ मोजायला सुरुवात करत नाहीत, कारण आत हवा राहिली तर दाब तेवढाच दिसतो, पण उष्णता कमी पडते. आपल्या ओट्यावरही नियम तोच.

पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. आणि इथून पुढे घड्याळ बघायचं.

शिट्ट्या मोजायची सवय आपल्या हाडीमासी खिळलीय. शेजारणीला पाककृती विचारली तरी ती ‘तीन शिट्ट्या’ असंच सांगते. पण तीन शिट्ट्या मोठ्या गॅसवर चार मिनिटांत होतात आणि बारीक गॅसवर पंधरा मिनिटांतही होत नाहीत. कुकर किती भरलाय, शिट्टी किती जड आहे, यावरही ते ठरतं. डाळ शिजते ती आतल्या उष्णतेने आणि मिनिटांनी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे, म्हणून उघड्या पातेल्यात इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. म्हैसमाळला गेलात तर आणखी खाली. कुकरमध्ये दाब चढला की तेच पाणी 120 अंशांच्या जवळ जातं. पूर्ण दाब आल्यावर शिट्टी उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. आतली उष्णता त्याच्या वर जात नाही, मग गॅस कितीही मोठा ठेवा. त्यानंतर जळतो तो सिलिंडर, आणि बुडाचं पाणी आटतं ते वेगळंच. भिजलेल्या डाळीला डब्यात बारीक गॅसवर बारा मिनिटं पुरतात, मग शिट्टी वाजो न वाजो.

पहाटे 5.15
गॅस बंद. आता हात लावायचा नाही. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडली की डाळीचा फेस भसकन वर येतो आणि तोंडावर, भिंतीवर उडतो. सासूबाई झाकणावर तांब्याभर पाणी ओतायच्या. भाजीच्या कुकरला ते चालतंही, पण ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं तिथे तेवढं पाणीही जपून वापरावं लागतं. दाब उतरायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात पोळ्या होतात.

दाब म्हणजे काय, हे एकदा हिशेब करून बघावं. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. झाकणाचा व्यास वीस सेंटिमीटर धरला तर त्यावर तीनशे किलोंच्या वर जोर असतो. हँडल सरकत नसेल तर त्याचा अर्थ हा जोर अजून उतरलेला नाही. ते हातोडीने ठोकणं, दोघांनी मिळून ओढणं, यासारखा धोका स्वयंपाकघरात दुसरा नाही. झाकण सहज निघालं तरच काढायचं, आणि आपल्या अंगाविरुद्ध कलतं करून.

सकाळी 8.00
रात्रीच्या उसळीचे हरभरे भिजत टाकले. बोअरचं पाणी वापरायला भरपूर आहे, पण हरभऱ्यांना मी साठवलेलं नळाचं, जायकवाडीचं पाणीच घालते. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी दाण्याचं साल घट्ट होतं आणि तास गेला तरी तो दाताखाली टचटचतो. दुसरं पाणी नसेल तर चिमूटभर खायचा सोडा.

सकाळी 11.15
गुलमंडी. रिंग आणायची होती. कुकर-शेगड्या दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या टपरीवर माझ्या आधी एक तरुण उभा होता. त्याच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळलेला. आतलं पाणी आटलं की तापमान भडकतं, व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू पाघळतो आणि वाफेला वाट मिळते. त्याचं म्हणणं, “चाचा, एम-सील लावून बुजवून द्या ना, आजच्यापुरतं.”

चाचांनी झाकण त्याच्या हातात परत दिलं. “बेटा, हा व्हॉल्व्ह वितळला म्हणून घर वाचलं. हा बुजवला तर उद्या काय वितळेल?” त्यांनी त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह काढला, बसवला, आणि बूड फुगलंय का ते फरशीवर कुकर ठेवून तपासलं. हलला नाही, म्हणून दिला. फुगला असता तर नवा घ्यायला सांगितलं असतं.

मला त्यांनी कुकरची कड दाखवली. दोन ठिकाणी चेपलेली. डाव कडेवर आपटून झटकला की असं होतं आणि मग कितीही नवी रिंग घातली तरी वाफ गळते. घरी गेल्यावर हे सगळ्यांना सांगायचंय. रिंग मात्र कुकरच्याच कंपनीची घेतली. दुसरी स्वस्त होती, हुबेहूब दिसत होती, पण जाडीतल्या थोड्या फरकानेही झाकण नीट बसत नाही. नवा कुकर घेणाऱ्याने आयएसआय चिन्ह बघावं. फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरला ते सक्तीचं आहे.

संध्याकाळी 6.45
हरभरे आज मुलीने लावले. कुकर पहिल्यांदा कुणी बनवला असं मी विचारलं, तर ती 1679 सालच्या पापँपर्यंत गेली. हा फ्रेंच माणूस लंडनमध्ये बंद भांड्यात हाडं मऊ करत होता, आणि भांडं फुटू नये म्हणून त्यानेच वजनाने दाबलेली झडप बसवली. आपली शिट्टी त्याच झडपेच्या कुळातली.

पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर वीस मिनिटं. ती कॉलेजचं वाचत बसली होती, पण ओट्याजवळच. कुकर लावून दूध आणायला खाली जायचं नाही, हे आमच्या घरी ठरलेलं आहे. चिंच-गूळ हरभरे शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा गळत नाही. वरणालाही हेच.

रात्री 9.30
कुकर घासताना बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दिसला. उद्यापासून डब्यांखालच्या पाण्यात लिंबाची साल टाकायची, ॲल्युमिनियम काळंही पडत नाही. नळी तारेने साफ केली, रिंग काढून वेगळी धुतली, झाकण भांड्यावर उलटं ठेवलं, म्हणजे आत कोंदट वास राहत नाही. नव्या रिंगच्या पाकिटावर आजची तारीख लिहून ते मसाल्याच्या कपाटाला आतून चिकटवलं. तिथेच लावलेल्या सासूबाईंच्या शिट्ट्यांच्या यादीशेजारी मुलीने पेन्सिलने मिनिटं लिहिली. तूर बारा, बटाटे दहा, हरभरा वीस. रविवारच्या मटणासमोर जागा रिकामी आहे, ती तिने स्वतः शिजवून भरायची.