हात छोटा आहे? मग टार्गेट पिस्तूल घेताना वजनाआधी ग्रिप बघा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये दोन ब्राँझ मेडल जिंकली आणि तेव्हापासून शूटिंग शिकायची इच्छा असलेल्यांची संख्या चांगलीच वाढली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने तर २०१८ च्या एशियन गेम्समध्येच २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड मिळवलं होतं. क्लब लावला, चार-सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: स्वतःचं पिस्तूल कोणतं घ्यायचं?

हात छोटा असेल तर सगळ्यांचा एकच सल्ला असतो, "हलकं घे." ऐकायला बरोबर वाटतं, पण तो अर्धाच बरोबर आहे. चांगलं मॅच पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. एवढे पैसे घालून चुकीचं मॉडेल घरी आलं, की स्कोअर वाढत नाही आणि खेळाडूला वाटतं की दोष आपल्याच हातात आहे. म्हणून आधी थोडं गणित समजून घेऊ.

आधी नियम आणि कायदा

टार्गेट शूटिंगमध्ये छोट्या कॅलिबरची दोन पिस्तुलं मुख्य आहेत.

१० मीटर एअर पिस्तूल: कॅलिबर ४.५ मिमी (०.१७७ इंच). आंतरराष्ट्रीय नियमानुसार वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. प्रत्यक्षात मॅच पिस्तुलं ९०० ग्रॅम ते १ किलोच्या आसपास असतात.

२५ मीटर पिस्तूल: कॅलिबर ५.६ मिमी, म्हणजे आपलं .२२. वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, ट्रिगर किमान १ किलोचा.

भारतात .२२ साठी शस्त्र परवाना लागतोच. एअर पिस्तूल ०.१७७ कॅलिबरचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं असेल तर परवाना लागत नाही. मॅच एअर पिस्तूल साधारण ६ ज्यूलचं असतं. तरीही खरेदी क्लब आणि कोचमार्फतच करा, कागदपत्रं नीट राहतात. नवशिक्यांनी सुरुवात एअर पिस्तुलानेच करायची असते.

१०० ग्रॅम कमी झाले तर नेमकं काय होतं?

हात सरळ पुढे धरला की खांद्यावर दोन गोष्टींचा भार येतो: पिस्तुलाचा आणि खुद्द हाताचा. समजा हाताचं वजन अडीच किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून २८ सेंमीवर. २.५ × २८ = ७० किलो-सेंमी. पिस्तूल ९५० ग्रॅमचं आणि ६० सेंमी लांब धरलेलं, म्हणजे आणखी ५७. एकूण १२७.

आता १०० ग्रॅम हलकं मॉडेल घेतलं तर यातले फक्त ६ कमी होतात. जेमतेम ५ टक्के! बारक्या हाताला याचा फायदा नाही असं नाही, पण जाहिरातीतला 'लाइटवेट' शब्द वाचून जेवढा वाटतो तेवढा नक्कीच नाही.

मनगटाचं गणित मात्र वेगळं आहे. पिस्तुलाचा गुरुत्वमध्य मनगटापासून १२ सेंमी पुढे असेल तर मनगटावर ११.४ किलो-सेंमी भार येतो. तोच गुरुत्वमध्य २ सेंमी मागे आला तर ९.५, म्हणजे थेट १७ टक्के कमी. एवढाच आराम नुसतं वजन घटवून हवा असेल तर पिस्तुलातून १६० ग्रॅम उतरवावे लागतील.

सेल्फी स्टिकच्या टोकाला फोन लावून बघा. फोनचं वजन तेच असतं, पण काठी लांब केली की मनगट लगेच बोलायला लागतं. म्हणूनच बऱ्याच कंपन्या आखूड नळीची 'कॉम्पॅक्ट' किंवा 'शॉर्ट' मॉडेल्स काढतात. छोट्या हातासाठी त्यांचा खरा फायदा वजनापेक्षा बॅलन्सचा आहे.

खरी अडचण: बोट ट्रिगरपर्यंत पोहोचतं का?

मोठा फोन एका हाताने वापरताना अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला नाही की आपण काय करतो? फोन हातात थोडा फिरवतो. पकड ढिली होते आणि फोन पडायला येतो. पिस्तुलाच्या बाबतीत हेच घडतं, फक्त आपल्या लक्षात येत नाही.

तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर बसला पाहिजे आणि ट्रिगर सरळ मागे यायला पाहिजे. ग्रिप मोठी असेल तर बोटाचं फक्त टोक पोहोचतं आणि ट्रिगर मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. नाहीतर खेळाडू नकळत ग्रिप हातात फिरवून घेतो, मग नळी हाताच्या रेषेत राहत नाही.

याची किंमत किती? एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. पेलेटची जाडी धरली तर केंद्रापासून ८ मिमीपर्यंतची चूक १० मध्ये खपते. १० मीटरवरचे हे ८ मिमी म्हणजे, पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर ३३ सेंमी धरलं तर, फ्रंट साइट फक्त पाव मिलिमीटर सरकणं. बोटाच्या आडव्या धक्क्याला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पिस्तूल कितीही हलकं असलं तरी हा धक्का थांबत नाही.

म्हणून शोरूममध्ये किंवा रेंजवर हे विचारा:

• ग्रिप एक्स्ट्रा स्मॉल किंवा स्मॉल साइजमध्ये मिळते का? मॅच पिस्तुलाची ग्रिप बदलता येते. लाकडी ग्रिप घासून किंवा वुड फिलर लावून हाताला बसवताही येते.
• ट्रिगर मागे-पुढे सरकतो का, आणि सगळ्यात मागे घेतल्यावर बोट आरामात बसतं का?
• तळहाताखालचा आधार तुमच्या हाताइतका वर येतो का?
• ग्रिपचा कोन बदलता येतो का?

.२२ घेताना मॅगझिन कुठे आहे ते बघा

ही गोष्ट बरेच जण विसरतात. .२२ लाँग रायफलची गोळी पुढून मागे साधारण २५ मिमी लांब असते. मॅगझिन ग्रिपच्या आत असेल तर ग्रिप एका मर्यादेपेक्षा बारीक होऊच शकत नाही, कारण आत गोळ्यांना जागा लागते. अशी ग्रिप घासून घासून किती घासणार?

पार्डिनी एसपी, वॉल्थर एसएसपी, फाइनवर्कबाऊ एडब्ल्यू ९३ यांसारख्या मॅच पिस्तुलांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. त्यामुळे ग्रिप छोट्या हाताला हवी तशी कोरता येते. तोटा एवढाच की थोडं वजन पुढे जातं. म्हणजे पुन्हा बॅलन्सचाच प्रश्न, तो हातात धरूनच तपासायला हवा.

फार हलकं पण नको

साधारण २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघाली की पिस्तूल मागे येतं. ढोबळमानाने १.१ किलोचं पिस्तूल सेकंदाला ०.७ मीटर वेगाने, तर ८०० ग्रॅमचं जवळजवळ १ मीटर वेगाने. २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद जातं, असं पाच वेळा. दर वेळी जास्त उडालेलं पिस्तूल पुन्हा पकडीत आणणं छोट्या हाताला जडच जातं.

एअर पिस्तुलात हा धक्का नगण्य आहे, तिथे हलकं चालतं. पण थोडं वजन थरथर मंद करतं हेही खरं. म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा: जास्तीची वजनं लावता येतील असं हलकं मॉडेल घ्या. दंड भरत गेला की वजन वाढवता येतं, जड पिस्तुलातून काढता येत नाही.

पैसे देण्याआधी चार टेस्ट

१. डोळे मिटून टेस्ट: रेंजवर, रिकामं पिस्तूल, तोंड टार्गेटकडे. डोळे मिटून हात वर आणा आणि डोळे उघडा. दोन्ही साइट जवळपास रेषेत दिसल्या तर ग्रिप बसली. दर वेळी एकाच बाजूला गेल्या तर ग्रिप तुमची नाही.

२. स्लो-मोशन टेस्ट: कोचच्या परवानगीने मित्राला बाजूला, फायरिंग लाइनच्या मागे उभं करून तुमच्या बोटाचा स्लो-मो व्हिडिओ काढायला सांगा. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलते का ते फ्रेम-बाय-फ्रेम बघा. एअर पिस्तुलात यासाठी ड्राय फायर मोड असतो. .२२ मात्र रिकामं असताना विचारल्याशिवाय दाबू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

३. चाळीस शॉटची टेस्ट: पहिले दहा शॉट कोणत्याही पिस्तुलाने छान जातात. मॅच ६० शॉटची आणि ७५ मिनिटांची असते. निदान ४० मारून मगच मत बनवा.

४. बोटांची टेस्ट: शेवटी तळहात बघा. एकाच जागी लाल वळ उठला असेल तर तिथे ग्रिप टोचतेय, ती घासून घ्यावी लागेल.

थोडक्यात, स्पेसिफिकेशनमध्ये वजन सगळ्यात वर छापलेलं असतं, पण छोट्या हातासाठी क्रम असा ठेवा: आधी ग्रिप आणि ट्रिगरचं अंतर, मग बॅलन्स, आणि शेवटी वजन. आणि स्कोअर अडकला असेल तर "माझा हातच थरथरतो" म्हणून खेळ सोडण्याआधी क्लबमधल्या एखाद्या छोट्या ग्रिपच्या पिस्तुलावर ४० शॉट मारून बघा. कदाचित हात ठीकच असेल, ग्रिप दुसऱ्याच्या मापाची असेल.

तुमच्या क्लबमध्ये कुणी अशा खरेदीच्या विचारात असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.