स्पॅनिश भाषेंतील स्थलनिर्देश

बीडचें कंकाळेश्वर मंदिर दगडी आहे. तें कुंडांत आहे. परळीची यात्रा शिवरात्रीस आहे. मराठींत एका 'आहे'वर आपण सारें निभावून नेतों. स्पॅनिश भाषेंत हा एकटा चाकर पुरत नाहीं. वस्तूचा स्वभाव सांगावयाचा तर 'सेर' हा धातु, ठिकाण सांगावयाचें तर 'एस्तार'. हा दुसरा लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभें राहणें, यापासून निघाला. आपल्या 'स्था' धातूचा तो दूरचा भाऊच होय.

नवशिका विचारील कीं, मंदिर तर जागचें हालत नाहीं, मग तेथें 'सेर' कां नको? परंतु स्थिरता येथें पाहावयाचीच नसते. कुंडांतील मंदिर आणि काठावर क्षणभर टेकलेला बगळा, दोघांसही 'एस्ता' हेंच रूप लागतें. यात्रा कोठें भरते हें सांगतांना मात्र 'सेर'चें रूप येतें: 'ला फेरिया एस एन परळी'. यांतील 'एन' नामाच्या आधीं बसतें, आणि 'पेटींत' व 'मेजावर' या दोहोंस तेंच चालतें. ही काटकसर आम्हांस मोठी गमतीची वाटते.

'तेथें एक विहीर आहे' म्हणावयाचें तर हे दोन्ही धातु नकोत, 'आय' हवें. 'ती विहीर बीडजवळ आहे' म्हणतांच पुन्हां 'एस्ता'.