काजळलेल्या दाण्याची साक्ष

बीड जिल्ह्यातल्या खेड्यांत जमिनीचे दोन रंग मानले जातात. पीक जिथे येते ती काळी, आणि माणसे जिथे राहतात किंवा कधीकाळी राहून गेली ती पांढरी. हा दुसरा रंग निसर्गाने दिलेला नव्हे. चुलींची राख, ढासळलेल्या मातीच्या भिंती, शेण, हाडे आणि खापरे यांचे थर शतकानुशतके एकावर एक साचले की जमीन पांढरी होते. अशी माती माळवदावर पसरण्यास उत्तम आणि शेतात टाकली तर खताचे काम करणारी, हे शेतकऱ्याला पुरातत्त्वज्ञाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. त्यामुळे महाराष्ट्रातील नदीकाठची अनेक ओसाड टेकाडे बैलगाडीने हळूहळू शेतात गेली. आता हे काम यंत्र करते आणि एका दिवसात आटोपते.

ह्या मातीबरोबर काय जाते, हे समजण्यासाठी एका क्षुल्लक वस्तूकडे पाहावे लागेल. ती वस्तू म्हणजे काजळलेला दाणा. धान्य जमिनीत पडले की कुजते किंवा उगवते. मागे काही उरत नाही. परंतु चुलीपाशी सांडलेला किंवा आगीत सापडलेला दाणा अर्धवट जळून कोळसा झाला, तर त्याला कीडही लागत नाही आणि तो कुजतही नाही. तीन हजार वर्षांनंतरही तो सातूचा की मसुराचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. उत्खननात राखेची माती पाण्यात ढवळतात. असे दाणे हलके असल्यामुळे वर तरंगतात आणि बारीक चाळणीने वेचून घेता येतात.

त्या दाण्याला स्वतःचे घड्याळही असते. विश्वकिरणांच्या माऱ्यामुळे वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन अत्यल्प प्रमाणात सतत तयार होत असतो. वनस्पती हवेतून कार्बन घेतात तेव्हा त्याबरोबर हाही त्यांच्या अंगात येतो. कणीस पक्व झाले की ही आवक थांबते आणि घट सुरू होते. सुमारे ५७३० वर्षांत त्याचे प्रमाण निम्मे होते. उरलेला भाग मोजला की पीक कधी उभे होते ते कळते. विलार्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये ही पद्धत ज्ञात वयाच्या लाकडांवर पडताळून दाखविली. १९६० मध्ये लिबींना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-कालमापनाची प्रयोगशाळा कामाला लागली होती, आणि महाराष्ट्राच्या प्राचीन खेड्यांच्या कितीतरी तारखा तिथे ठरल्या. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले.

ह्या खेड्यांची नावे शिक्षकांना पाठ आहेत : जोर्वे, नेवासे, दायमाबाद, चांडोली, प्रकाशे, इनामगाव. ह्यांत बीडचे नाव नाही. परंतु प्रवरेकाठच्या दायमाबाद आणि नेवासे येथून वाहत येणारे पाणी गोदावरीला मिळते आणि पैठणच्या खाली तीच गोदावरी बीड जिल्ह्याची उत्तर सीमा होते. नदी तीच, काळी जमीन तीच आणि पावसाचा लहरीपणाही तोच. म्हणून इनामगावच्या राखेत जे वाचले गेले, त्याचा संबंध गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याशीही पोहोचतो.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात तिथे उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. कार्बन-तारखांच्या आधारे त्यांनी ह्या वस्तीचा काल इ. स. पू. १६०० ते ७०० असा मांडला. मधल्या काळात गाव भरभराटीस आले होते. चौकोनी, प्रशस्त घरे, धान्याची कोठारे, पुराचे पाणी वळवून शेताकडे नेणारा पाट आणि सातू, गहू, मसूर, लाख, हुलगे अशी पिके. इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. घरे लहान आणि गोल होतात, गहू मागे पडतो, हरणांची हाडे वाढतात. शेवटी गाव ओस पडते. ढवळीकरांनी ह्याचे कारण पर्जन्यमान घटण्यात शोधले. शेती सोडून माणसे अर्धभटकी झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, आणि त्यानंतर २०१२ व २०१५ मध्ये टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्याला हे कारण चटकन पटते. तेच थोडे धोक्याचे आहे. आपल्या अनुभवाशी जुळणारे स्पष्टीकरण तपासून घेण्याची इच्छा माणसाला सहसा होत नाही.

तपासणीचे साधन पुढे लोणारला मिळाले. बुलढाणा जिल्ह्यातील त्या सरोवराच्या तळाचा गाळ नळीने काढून, थरांच्या कार्बन-तारखा ठरवून, भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये पर्जन्याचा दीर्घ इतिहास प्रसिद्ध केला. त्यात प्रदीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दिसतात : एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावचा ऱ्हास ह्या दोहोंच्या मध्ये पडतो! ह्यावरून ढवळीकरांचे म्हणणे खोटे ठरले, असे मात्र म्हणता येणार नाही. सरोवराच्या गाळात शतकांचे अवर्षण उमटते. सलग तीन वर्षांचा दुष्काळ उमटेलच असे नाही, आणि खेडे मोडायला तीन वर्षे पुरतात. तरीही आता पावसावर भिस्त ठेवणाऱ्यास तारखेनिशी पुरावा द्यावा लागेल. जमिनीचा कस, रोगराई, व्यापाराचे तुटलेले मार्ग ह्यांचाही विचार करावा लागेल.

तारीख मिळविणे मात्र दिसते तितके सरळ नाही. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. म्हणून कच्ची तारीख झाडांच्या वलयांशी ताडून दुरुस्त करावी लागते. कच्च्या हिशेबाने इ. स. पू. १०५० चा वाटणारा दाणा दुरुस्तीनंतर इ. स. पू. १२५० च्या आसपास जातो. इ. स. पू. ८०० ते ४०० ह्या टप्प्यात तर दुरुस्तीची रेषा जवळजवळ सपाट आहे, इ. स. पू. ७०० चा आणि ४५० चा दाणा मोजणीत जवळपास सारखाच दिसतो. नेमक्या ह्याच टप्प्यात जोर्वे संस्कृतीची खेडी संपली. त्यांचा शेवट आणि पुढील काळातील नव्या वस्त्यांचा आरंभ ह्यांत किती अंतर होते, हा प्रश्न म्हणूनच एका तारखेने सुटत नाही. थरागणिक अनेक नमुने लागतात.

शिवाय पूर्वी तारखा बहुधा लाकडी कोळशावरून घेतल्या जात. जुन्या वाड्याची सागवानी तुळई नव्या घराला वापरली आणि ते घर जळाले, तर तिचा कोळसा आगीची तारीख सांगणार नाही. झाडाच्या गाभ्याची सांगेल. दाणा एकाच हंगामाचा असतो, पण पूर्वी पद्धतीला काही ग्रॅम माल लागे आणि एक दाणा पुरत नसे. १९७७ नंतर विकसित झालेल्या त्वरक पद्धतीला मिलिग्रॅमही पुरतो. आज ही सोय अहमदाबादेत आणि दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे.

एकेका दाण्याची तारीख काढण्याची गरज आपल्याकडे विशेष आहे, आणि तिचे कारण पुन्हा काळी जमीनच. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. वरचे धान्य त्यातून खालच्या थरात जाते. घुशी आणि उंदीर हेच काम बारमाही करतात. खालच्या थरात मिळालेला दाणा त्या थराचाच असेल, ही खात्री त्यामुळे देता येत नाही. ज्वारीचा वाद ह्यातूनच उभा राहिला आहे. जिच्या भाकरीवर बीडचा माणूस वाढतो त्या ज्वारीचे मूळ घर आफ्रिका. महाराष्ट्रातील काही ताम्रपाषाणयुगीन स्थळांवर ती मिळाल्याचे पूर्वी प्रसिद्ध झाले. नंतरच्या अभ्यासकांनी काही नमुन्यांची ओळख आणि काहींचा थर, दोहोंविषयी शंका घेतल्या. कोरडवाहू शेतीचे हे मुख्य पीक दख्खनमध्ये जोर्वे काळात आले की त्यानंतर हजार वर्षांनी, ह्याचे उत्तर दाण्याची स्वतःची तारीखच देईल.

धातूपुढे मात्र हे घड्याळ मुके आहे. १९७४ मध्ये दायमाबादला झाडाचे मूळ खणताना साठ किलोंहून अधिक वजनाची चार ब्राँझची शिल्पे निघाली : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. ती थराबाहेर, राखेच्या सोबतीशिवाय सापडल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. ज्यांच्यापुढे साऱ्या जगाने थक्क व्हावे अशा त्या मूर्तींपेक्षा शेजारी पडलेली मूठभर राख कालनिर्णयाला अधिक उपयोगी ठरली असती.

पांढर खणताना असेच घडते. यंत्राच्या सुपात मणी, नाणे किंवा अखंड मडके आले तर कोणी तरी बाजूला काढतो, क्वचित शाळेत आणून देतो. राखेचा काळसर पट्टा कोणी उचलत नाही. आणि उचलला तरी तो किती खोल, कोणत्या खापरांबरोबर, कोणत्या जमिनीवर होता, हे लिहून ठेवले नसेल तर प्रयोगशाळा त्याचे वय सांगेल, पण ते वय कशाचे हे सांगू शकणार नाही. ज्या गावी पांढर अजून शाबूत आहे, तिथल्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून तिचा साधा नकाशा काढून घ्यावा, उघड्या पडलेल्या कडेचे मोजमापासह छायाचित्र घ्यावे, काही न उकरता ते पुरातत्त्व विभागाकडे पाठवावे. ह्याला खर्च जवळजवळ नाही. कालमापनाची यंत्रे देशात तयार आहेत. टेकाडे मात्र दर उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावली की, थोडी थोडी कमी होत आहेत.